सरासरीच्या खालची नऊ मुलं

जून-जुलैत या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक एकाच विषयाची असतात: एमबीएला प्रवेश कुठे घ्यावा? यंदा तीन पत्रांत मात्र संस्थेच्या 'वर्षभरातील कामगिरी' पुस्तिकेचा विषय निघाला आहे. अशी पुस्तिका मी एका संस्थेत सलग नऊ वर्षं स्वतःच्या हाताने तयार केली. कॉस्ट अकाउंटिंग शिकवायचे आणि सोबत प्लेसमेंटचं कामही बघायचे. म्हणून तिन्ही पत्रांना यावेळी एकत्रच उत्तर देते.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी एसटीतून निवृत्त झालो. मुलगी बी.कॉम. झाली, सीईटीत बरे गुण पडले. दोन संस्थांचा विचार चालू आहे. एक अभिमत विद्यापीठातली आहे, दोन वर्षांची फी 9 लाख. दुसरी विद्यापीठाशी संलग्न, फी बरीच कमी. पहिल्या संस्थेने गुळगुळीत कागदावरची जाड पुस्तिका दिली. सर्वोच्च पॅकेज 34 लाख, सरासरी जवळजवळ 10 लाख, 100 टक्के प्लेसमेंट, परदेशी मानांकन, पानभर सामंजस्य करार. मुलगी भारावून गेली आहे. फंडाचे पैसे एफडीत आहेत, ती मोडायची तयारी आहे. यातलं खरं किती धरावं?
— एक पालक, धनकवडी

उत्तर : आकडे बहुतेक खरेच असतील. कुठला आकडा मोठ्या टायपात छापायचा आणि कुठला छापायचाच नाही, एवढंच संस्था ठरवते. मीही तेच करत होते.

कागद-पेन्सिल घ्या आणि मुलीलाही शेजारी बसवा. समजा दहा मुलांची पॅकेजं लाखांत अशी आहेत: 4, 4.5, 5, 5, 5.5, 5.5, 6, 6.5, 7 आणि 40. बेरीज 89, म्हणजे सरासरी 8.9 लाख. आता या 8.9 च्या वर कितीजण आहेत ते मोजा. एकटा. बाकीची नऊ मुलं सरासरीच्या खाली. याच ओळीतला मधला आकडा, म्हणजे मध्यक, 5.5 लाख आहे. तुमच्या मुलीला उद्या जे मिळेल ते या 5.5 च्या आसपासचं असण्याची शक्यता जास्त. म्हणून संस्थेला विचारायचं ते एवढंच: मधल्या मुलाला किती मिळाले?

एका वर्षी आमच्या एका मुलाला त्याच्या मामाच्या ओळखीने दुबईत नोकरी लागली, पगार दिरहममध्ये. संस्थेचा त्यात काडीचाही हात नव्हता. मी तो पगार रुपयांत करून यादीत घातला आणि त्या एका ओळीने सगळ्या वर्गाची सरासरी वर गेली. पहिल्या पानावर तीच छापली. ते पान बघून कुणी घरातली ठेव मोडली असेल का, हा विचार मला अजून टोचतो.

'100 टक्के प्लेसमेंट' दिसलं की कुणाच्या 100 टक्के, ते विचारा. बहुतेक ठिकाणी ज्यांनी नाव नोंदवलं आणि जे पात्र ठरले, तेवढीच मुलं हिशोबात धरतात. विषय राहिलेली, हजेरी कमी पडलेली मुलं यादीतून आधीच बाहेर गेलेली असतात. 'दोनशे ऑफर्स' म्हणजे दोनशे मुलं असंही नसतं, एकाच मुलाकडे तीन ऑफर्स असू शकतात.

खरा आकडा मिळवायची एक सोपी जागा आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत (पहिली यादी 2016 ची) भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती ठरलेल्या नमुन्यात भरावी लागते आणि ती फाईल स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. किती मुलांनी प्रवेश घेतला, किती वेळेत उत्तीर्ण झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांच्या पगाराचा मध्यक किती, असं तीन वर्षांचं त्यात एकाखाली एक असतं. मुलीला मोबाईलवर ती उघडायला सांगा. माहिती संस्थेनेच भरलेली असते, हे ध्यानात ठेवा. तरी पुस्तिकेतला 10 लाखांचा आकडा आणि या फाईलमधला मध्यक शेजारी-शेजारी लिहिलात की चित्र बरंच स्पष्ट होईल. क्रमवारीचे गुण कसे पडतात तेही बघून ठेवा: अध्यापन आणि साधनं 30 टक्के, संशोधन आणि व्यावसायिक काम 30, विद्यार्थ्यांचे निकाल-नोकऱ्या 20, समावेशकता 10 आणि लोकांच्या मनातली प्रतिमा 10. नोकरी त्या वीस टक्क्यांतला एक भाग आहे. वरचा क्रमांक म्हणजे मोठा पगार, असं समीकरण त्यातून निघत नाही.

आता पॅकेज. 6 लाखांचं पॅकेज म्हणजे महिना पन्नास हजार, असं बहुतेक घरांत धरलं जातं. मी वर्गात फळ्यावर हिशोब मांडायचे, तोच इथे मांडते. समजा मूळ पगार 3 लाख. कामगिरीवर मिळणारा बदलता भाग 60 हजार, मिळेल किंवा मिळणार नाही. कंपनीचा पीएफचा वाटा 12 टक्क्यांनी 36 हजार. ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्क्यांनी 14,430. कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं टिकल्यावर हातात येते. विम्याचे 8 हजार धरू. मग मुलीच्या पगारातून तिचा स्वतःचा पीएफ 36 हजार आणि व्यवसाय कर 2,500. मूळ पगार सोडून हे सगळे आकडे 6 लाखांतून वजा केले की उरतात 4,43,070, म्हणजे महिन्याला साधारण 37 हजार. 9 लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता बारा हजारांच्या थोडा वर जातो. मुलगी घरी राहून नोकरी करणार असेल तर जमेल. बंगळूरला खोली घेऊन राहायची वेळ आली तर ओढाताण होईल.

फीबद्दल एक गोष्ट नक्की तपासा. राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, घेतलेला हवा. अभिमत विद्यापीठांना आणि मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत लागू नाही. तुमची मुलगी यात बसत असेल तर दुसऱ्या संस्थेची फी आणि पहिलीचे 9 लाख यांची तुलनाच होणार नाही. उत्पन्नाचा दाखला आणि लागणारी प्रमाणपत्रं आत्ताच काढायला टाका, ऐनवेळी तहसीलच्या खिडकीवर गर्दी असते. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज वेळेत गेला पाहिजे.

परदेशी मानांकनाचं मोल आहे, पण शब्द नीट वाचा. अमेरिकेतली ए.ए.सी.एस.बी. ही व्यवस्थापन संस्थांना मानांकन देणारी, 1916 पासूनची संघटना आहे. तिचं सदस्य होणं वेगळं आणि मानांकन मिळणं वेगळं. सदस्यत्व वर्गणी भरून घेता येतं. मानांकनाला कित्येक वर्षांची तपासणी लागते. पुस्तिकेत नुसतंच बोधचिन्ह छापलं असेल तर 'सदस्य की मानांकित?' असं स्पष्ट विचारा. सामंजस्य करारांचं पान सोडून दिलंत तरी चालेल.

आणि एखाद्या शनिवारी दोन्ही ठिकाणी जाऊन या. कार्यालयात नको, कँटीनमध्ये बसा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: उन्हाळ्यातली इंटर्नशिप कुठे केलीत, ती संस्थेने दिली की स्वतः शोधली, स्टायपेंड किती मिळाला? मुलं खरं सांगतात. एफडी तोवर मोडू नका.

प्रश्न : मी एका व्यवस्थापन महाविद्यालयात सहायक प्राध्यापिका आहे. आमच्या वार्षिक पुस्तिकेत शोधनिबंधांची संख्या ठळक छापतात. दरवर्षी प्रत्येकाने चार निबंध द्यायचे, असा तोंडी हुकूम आहे. मग सहकारी पैसे भरून कुठेतरी छापून आणतात. माझा गेल्या वर्षी एकच झाला. बैठकीत माझं नाव सगळ्यांसमोर घेतलं. मी चुकले का?
— एक वाचक, वाघोली

उत्तर : अजिबात नाही. आठवड्याला सोळा-अठरा तास शिकवून, पेपर तपासून, प्रवेशाच्या टेबलावर बसून वर्षाला चार खरे निबंध होत नाहीत. एक झाला असेल तर तो तुम्ही रात्री जागून केला असणार.

या दुखण्याची तपासणी आपल्या पुण्यातच झाली आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, तेव्हाच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेली नियतकालिकं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तपासली. त्याचा निष्कर्ष 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला: त्यातली सुमारे 88 टक्के हलक्या दर्जाची असू शकतात. त्यानंतर यूजीसीची 'केअर' ही नियतकालिकांची नवी यादी आली. 2025 मध्ये यूजीसीने तीही बंद केली आणि नियतकालिकाचा दर्जा पारखायची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणजे तुमच्या संस्थेला आता 'यादीत होतं म्हणून छापलं' असं म्हणायची सोयही उरलेली नाही. प्राचार्यांना लेखी पत्र द्या. ऑस्ट्रेलियन बिझनेस डीन्स कौन्सिलच्या नियतकालिकांच्या यादीत ए-तारांकित, ए, बी, सी अशा चार श्रेणी आहेत. निबंधांची मोजणी अशा श्रेणीनुसार व्हावी, असं सुचवा आणि पत्राची पोच घ्या. पत्रात सहकाऱ्यांची नावं घेऊ नका, हुकमाच्या दडपणाखाली तेही आहेत.

प्रश्न : मी भोसरीचा. यंदा एमबीए (फायनान्स) झालो. वडिलांचं लेथचं वर्कशॉप आहे, सहा कामगार. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात बाबा आजारी पडले, म्हणून मी प्लेसमेंटमधून नाव काढून घेतलं. सकाळी कॉलेज, दुपारनंतर वर्कशॉप. तीन कंपन्यांकडे 11 लाख 40 हजार अडकले होते. मी बिलं आणि चलनं तारखेनुसार लावली, 45 दिवसांच्या कायद्याचा उल्लेख करून पत्रं पाठवली. मार्चअखेर 8 लाख 15 हजार आले. निरोपसमारंभात पुस्तिका वाटली. सगळ्यांचे फोटो कंपनीच्या नावासह होते, माझा नव्हता. आईने ती दोनदा चाळली. दोन वर्षं वाया घालवली का?
— एक विद्यार्थी

उत्तर : तुला 'तू' म्हणते, माझे विद्यार्थी तुझ्याच वयाचे असायचे.

तुझ्या आईने दोनदा पुस्तिका चाळली, ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. दरवर्षी माझ्या यादीत तुझ्यासारखी चार-पाच मुलं असायची. कुणी दुकानावर बसलेला, कुणी शेतमालाच्या धंद्यात उतरलेला. कंपनीच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे मी 'लागू नाही' असं टाईप करायचे आणि छापायला देताना त्या ओळी गाळून टाकायचे. ते चुकीचं होतं. त्या मुलांच्या घरीही पुस्तिका गेली असेल.

येणी किती दिवस थकली आहेत त्याचा तक्ता मी वर्गात शिकवायचे: 30, 60, 90 दिवसांचे रकाने, खाली खोटे आकडे. तू तो तक्ता खऱ्या बिलांवर भरलास, आजारी वडिलांच्या गल्ल्यासाठी. त्याचा परिणाम साडेतीन महिन्यांत बँकेच्या पासबुकात दिसला. फायनान्सच्या दोन वर्षांचा याहून चांगला उपयोग मी फार थोड्यांना करताना पाहिला आहे.

पैसे मार्चअखेरच का आले, तेही समजून घे, पुढे कामाला येईल. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसला तर 15 दिवसांत चुकतं व्हायला हवं. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण कंपन्या खऱ्या हलल्या त्या 1 एप्रिल 2024 पासून. ही मुदत उलटून गेलेलं बिल आर्थिक वर्षाच्या शेवटी थकीत राहिलं, तर त्या खर्चाची वजावट खरेदीदाराला त्या वर्षाच्या आयकरात मिळत नाही. म्हणून मार्चमध्ये त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना तुझं पत्र सापडलं. तुमच्या बिलावर उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक छापलेला आहे ना, ते आधी बघ. नसेल तर आजच शिक्का करून घे.

उरलेल्या 3 लाख 25 हजारांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, ती अशा थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. मात्र घाई करू नकोस. त्या कंपनीकडून तुमचं किती टक्के काम येतं, ते काढ. निम्म्याहून जास्त असेल तर आधी दुसरं गिऱ्हाईक जोड, मग तक्रार कर. चाकण-तळेगावकडे टर्निंगची कामं देणारे आहेत. महिन्यातले दोन दिवस त्यासाठी बाहेर पड, रोज लेथपाशी उभा राहू नकोस.

आणि संस्थेला एक पानी पत्र लिही: डिसेंबरला येणी किती, मार्चला किती, काय केलं. पुढच्या पुस्तिकेत घरचा उद्योग सांभाळणाऱ्यांसाठी एक पान ठेवा, अशी मागणी कर. त्या पत्राची एक प्रत मला पाठव. इथल्या दोन-तीन संस्थांत माझे जुने सहकारी हे काम बघतात, त्यांना मी ती दाखवेन.

उरलेली रक्कम आली की कळव. बाबांची तब्येत आता कशी आहे, तेही लिही.