वाचक विचारतात: जळालेलं वाळवंट बियांतून परत उगवतं का?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात इर्व्हाइनला राहतो. लास व्हेगासला जाताना मुलांना जोशुआ ट्री (मोहावी वाळवंटातलं टोकदार पानांचं उंच झाड) दाखवू म्हणून सिमा रोडने वळलो, तर दोन्ही बाजूला नुसते काळे खुंट. मुलगी म्हणते, शाळेत सांगितलंय की आगीनंतर बिया उलट जास्त उगवतात. पण इथे आग लागून इतकी वर्षं झाली तरी झुडपं दिसत नाहीत. मग नेमकं खरं काय? आणि आपल्याकडे पावसाळ्यात सीड बॉल टाकतात तसे इथे टाकले तर चालतील का?
— एक वाचक, इर्व्हाइन

उत्तर: शाळेत सांगितलं ते बरोबरच आहे हो, फक्त ते तुमच्या गावामागच्या डोंगरांबद्दल आहे. तिथलं जे चॅपरल म्हणतात ते झुडपी रान, त्यातल्या सियानोथससारख्या झुडपांच्या बिया टणक कवचाच्या, मातीत कित्येक दशकं पडून राहतात, आगीची धग लागली की कवचाला चीर जाते आणि पुढच्या पावसात रुजतात, काही फुलझाडांना तर नुसता धूर पुरतो.

मोहावीचं, म्हणजे तुम्ही गेलात त्या वाळवंटाचं, तसं नाही. इथे मुळात आग पसरायचीच नाही, कारण दोन झुडपांमध्ये मोकळी जमीन, वीज पडली तरी एखाददुसरं झुडूप जळून विझायचं. त्यामुळे आगीची सवयच नाही या झाडांना. तुम्ही पाहिलेत ते खुंट ऑगस्ट २०२० च्या ‘डोम फायर’ नावाच्या आगीचे. वीज पडली आणि सिमा डोम या तिथल्या पसरट उंचवट्यावर सुमारे ४३,००० एकर जळालं, जोशुआ ट्रीच अंदाजे १३ लाख गेले. पेपरात फोटो आले ते जोशुआचेच, पण मला विचाराल तर त्याहून जास्त काळजी ब्लॅकब्रशची वाटते. गुडघ्या-मांडीएवढं, करडं, काटेरी, कुणी त्याच्यासोबत सेल्फी घेणार नाही असं झुडूप, पण जोशुआचं रोप लहानपणी अशाच झुडपाच्या सावलीत तगतं.

ब्लॅकब्रश जळालं की बुंध्यातून सहसा फुटत नाही, म्हणजे आशा फक्त बियांवर. आणि बीसुद्धा दरवर्षी धरत नाही, एखाद्या वर्षी भरपूर मग बरीच वर्षं जवळजवळ काहीच नाही. वर ते बी मातीत वर्षानुवर्षं टिकतही नाही. म्हणजे चॅपरलसारखा मातीत साठा वगैरे नाहीच.

मग उगवतं कसं? उंदरामुळे! कांगारू रॅट म्हणून एक लांब शेपटीचा उंदीर आहे, मागच्या दोन पायांवर उड्या मारणारा, तो गालाच्या पिशव्यांत बिया भरतो आणि ठिकठिकाणी थोड्या-थोड्या उथळ पुरून ठेवतो. सगळ्या काही तो खात नाही, राहिलेल्या उगवतात, म्हणून ब्लॅकब्रशची रोपं एकेकटी न येता एकाच जागी जुडीच्या जुडी वर आलेली दिसतात. आता आगीत काय होतं, झुडपाखाली पालापाचोळा असतो तिथे धग जबरदस्त, तिथलं बी भाजून जातं, पण मोकळ्या जागेत दोन-चार सेंटीमीटर माती असली तरी बी वाचू शकतं. म्हणजे उंदराने उघड्यावर पुरलेलं वाचलं तर वाचलं, तेही त्या साली बी धरलं असेल तर. नंतरचं सगळं बी जळालेल्या भागाच्या कडेवरून यायचं, आणि उंदीर ते नेऊन नेऊन किती लांब नेणार? काही दशकांपूर्वी जळालेल्या जागांवरही ब्लॅकब्रश जेमतेमच परतलंय.

उघड्या पडलेल्या जमिनीवर आधी येतं ते ग्लोबमॅलो, आपल्या भेंडी-जास्वंदीच्या कुळातलं, केशरी फुलांचं, त्याच्या बिया मात्र टणक असतात. पण त्याच्यासोबत येतं रेड ब्रोम, आणि खरा घोळ इथे आहे. हे भूमध्य समुद्राकडचं गवत. हिवाळ्यात पाऊस बरा झाला की झुडपांमधली मोकळी जागा भरून टाकतं, उन्हाळ्याआधीच वाळतं, आणि मग आग या झुडपावरून त्या झुडपावर आरामात जाते. दुसरी आग लवकर आली की नव्या रोपांना बी धरायचीही संधी मिळत नाही. सह्याद्रीतला वणवा डोळ्यासमोर आणू नका, तिथे जूनमध्ये पाऊस हमखास येतो, इथे मोहावीच्या सखल भागात वर्षभरात सहा इंचसुद्धा पडेल याची खात्री नाही.

सीड बॉलचं मात्र स्पष्ट नाही म्हणतो. ही नॅशनल प्रिझर्व्हची, म्हणजे सरकारी संरक्षित जमीन आहे, परवानगीशिवाय काही पेरता येत नाही, आणि बी तिथलंच नसेल तर आणखी एक परदेशी पाहुणा आणल्यासारखं होईल. शिवाय पाऊस येईपर्यंत मुंग्या आणि उंदीर फडशा पाडतील. पार्कवाल्यांनी स्वतः व्हॉलंटियर घेऊन नर्सरीतली जोशुआची रोपं लावली, भोवती जाळी केली, सामान वाहायला चक्क उंट आणले, तरी बरीच रोपं मेली.

हौस असेल तर व्हॉलंटियर म्हणून नाव द्या. नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये मुलीला घेऊन जा, पायवाट न सोडता कडेच्या मोकळ्या मातीत रोपांच्या जुड्या दिसतात का बघा. आणि गाडीत बसायच्या आधी सॉक्समध्ये अडकलेली कुसळं काढून पिशवीत भरा, घरी येऊन कचऱ्यात टाका. त्यात बरीचशी रेड ब्रोमचीच असतील.