टॉकीज गेल्या, चौकांची नावं राहिली

प्रश्न : रोज रिक्षावाल्याला व्हीनस कॉर्नर नाहीतर उमा टॉकीज चौक सांगते. टॉकीज टीव्हीनं बंद पाडल्या असं सासरे म्हणतात, मुलगा म्हणतो मल्टिप्लेक्सनं. खरं काय? आणि जुन्या पिक्चरमध्ये पडद्याच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकायचा तो कशाचा?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी ठिपक्याचं सांगतो, कारण माझे वडील इथल्याच एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते आणि त्या ठिपक्यावर आमचं घर चाललंय. केबिनमध्ये पिक्चर दाखवायची दोन मशिनं असायची. दोन हजार फुटांचं रीळ बावीसेक मिनिटांत संपायचं, मग उजव्या कोपऱ्यात वर पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा दिसला की पडदा त्या मशीनवर घ्यायचा. चुकलं तर पडदा पांढरा आणि खाली पिटातून, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त जागांवरून, शिट्ट्या. उजेड कार्बनच्या कांड्यांचा, त्या जळत जळत आखूड व्हायच्या म्हणून सारखं पुढं सरकवत बसायला लागायचं, उन्हाळ्यात तर केबिनची भट्टीच. उरलेले तांब्याचा मुलामा असलेले तुकडे वडील खिशातून आणायचे, आम्ही त्यांनी फरशीवर रेघोट्या ओढायचो.

आता सासरे आणि मुलगा. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण मला मुख्य कारण वेगळंच वाटतं.

कोल्हापूरला पिक्चरचं वेड उगीच नव्हतं. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी 1918 पासून इथली, प्रभातही 1929 ला इथंच सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला गेली. पिक्चर तयार व्हायचा ते गाव, मग बघणारेही तसेच. शाहूपुरीत गूळ घालायला आलेला माणूस पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब-पैसा, हातात पडली की पिक्चर बघून शेवटच्या एसटीनं घरी जायचा, असं वडील सांगायचे. एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये असली तर रिळांची पेटी सायकलवरून पळवायची, पोऱ्याची सायकल पंक्चर झाली की तिकडं इंटरव्हल लांबायचा.

टीव्ही मुंबईत 1972 ला आला, आपल्याकडं नंतर, पुढं व्हिडिओ आणि केबल. तरी टॉकीज तगल्या. खरी गोची हॉलच्या आकारात होती. सात-आठशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये चाळीस माणसं बसली तरी लाईट, पंखे, डोअरकीपर, झाडूवाला, सगळ्याचा खर्च तेवढाच, वर करमणूक कर आणि वितरकाचा वाटा. मग मालक खुर्च्या दुरुस्त करेना, खुर्च्या फाटल्या म्हणून बायकामाणसं येईनात, आणि ती येईनात म्हणून गल्ला अजून कमी. त्यात गावाच्या मधोमध एवढी मोठी जागा! वर्षभराच्या गल्ल्यापेक्षा जागेचं मोल जास्त झालं की मालकाला तरी किती दोष द्यायचा. मल्टिप्लेक्सनं तेच हेरलं, छोटे छोटे पडदे, शंभर माणसं आली तरी भरल्यासारखं वाटतं.

रिळं गेली, पिक्चर सॅटेलाईटवरून यायला लागला, ठिपका बघणाऱ्याचं कामच संपलं. मार्च 2020 ला कोरोनात कुलपं लागली, त्यातली काही परत निघालीच नाहीत.

सासऱ्यांना विचारा, जुन्या पुस्तकांत कुठं तिकिटाचं अर्धुकं राहिलंय का. असलं तर फोटो काढून पाठवा, पिटाचा दर काय होता ते मला बघायचंय.