वाफसा येऊ दे

प्रिय मुली,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. शेवटच्या चार ओळी तू खोडून पुन्हा लिहिल्या आहेस, पेन इतकं दाबलंयस की अक्षरं कागदाच्या मागे उमटली आहेत. त्या चार ओळींसाठीच बाकीचं पत्र लिहिलंस ना? 'मावशी, या महिन्यात मळ्यात दाखवण्यासारखं काहीच नाही. निळीची कापणी झाली, झेंडू पावसानं झोडपला, वाफे उघडे पडलेत. मळा खुला ठेवायचा रविवार तर जवळ आलाय. बाहेरून फुलांच्या कुंड्या आणि थोड्या तयार टोपल्या आणून मांडू का? की या वेळी फाटक बंदच ठेवू?'

तू कष्टाळू आहेस, तुझ्या हाताला वळण आहे, हे लिहीत बसत नाही. गेल्या हिवाळ्यात दीड महिना माझ्याकडे राहून टोपलीचं बूड बांधायला शिकलीस, तेव्हाच ते पाहिलंय. मातीशी इमान राखायचं, हाताच्या कामाला मान द्यायचा, यावरही आपल्याला वाद घालायचा नाही. म्हणून थेट सांगते. कुंड्या आणू नकोस. टोपल्या आणू नकोस. फाटक कायमचं बंदही करू नकोस. पण रविवार आहे म्हणून ते उघडू नकोस. वाफसा येऊ दे, मग उघड.

आठवडाभर पाऊस लागून राहिलाय, असं तूच पहिल्या पानावर लिहिलंयस आणि पुढच्याच ओळीत पाहुण्यांना किती खुर्च्या लागतील याचा हिशेब मांडलायस. आधी माती बघायची होतीस. चार बोटं खोलवरची माती मुठीत घे, दाब, मूठ उघड आणि अंगठ्यानं हलकेच ढकल. भुरभुरत सुटली तर वाफसा आला. गोळा तसाच राहिला, त्यावर तुझ्या बोटांचे ठसे ओले चमकत राहिले, तर त्या दिवशी कुदळ नाही, कोळपं नाही आणि माणसंही नाहीत. चांगल्या जमिनीत जवळपास निम्मी जागा पोकळ असते. त्या पोकळीत पाणी आणि हवा दोघांनी मिळून राहायचं असतं. पाऊस थांबल्यावर जादा पाणी खाली उतरतं, हवा परत आत येते, तो वाफसा. त्याआधी पाय पडला की पोकळी दबते आणि दबलेली पोकळी पाय उचलल्यावर परत उघडत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मळ्याच्या पाचव्या वर्षी मी महिनाभर आधी तारीख जाहीर केली होती. आदल्या दोन दिवसांत धो धो पाऊस झाला. सकाळी मूठ दाबून पाहिली, गोळा तसाच राहिला. मला कळलं होतं. तरीही फाटक उघडलं, कारण लोकांना शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर कौतुकाची भूक होती. दीडशेच्या आसपास माणसं आली. सगळ्यांना मंजिष्ठेचा वाफा बघायचा होता, कारण तिच्या मुळांतून लाल रंग निघतो हे मी मोठ्या अभिमानानं सांगत होते. वाटा आखलेल्या नव्हत्या. माणसं वाफ्यांमधून, कडेनं, जिथं जागा मिळेल तिथं उभी राहिली. एका दुपारचाच खेळ.

मंजिष्ठेच्या मुळांना रंग भरायला वेळ द्यावा लागतो. माझी ती तिसऱ्या वर्षाची लागवड होती, त्याच हिवाळ्यात खणायची होती. खणली तेव्हा वरच्या चार इंचांखाली माती फरशीसारखी लागली. कुदळीचा आवाज बदलला. ढेकूळ फोडलं तर आत करडा-निळसर पट्टा, साचलेल्या डबक्याचा वास, आणि मुळं काळी पडून बोटांत सालीसारखी सुटत होती. तीन वर्षांची वाट एका दुपारी पायाखाली गेली. तो पट्टा पुन्हा भुसभुशीत व्हायला आणखी तीन वर्षं लागली. ताग पेरला, पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, गांडुळांची वाट पाहिली. दुसरं काही हातात नव्हतं.

गांडुळं घाई करत नाहीत. चार्ल्स डार्विननं डिसेंबर १८४२ मध्ये आपल्या घराजवळच्या एका कुरणावर खडूच्या मातीचे तुकडे पसरले आणि नोव्हेंबर १८७१ मध्ये तिथं चर खणून पाहिलं. एकोणतीस वर्षांत गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीखाली ते तुकडे सात इंच खोल गेले होते. एवढा मोठा माणूस सात इंचांसाठी एकोणतीस वर्षं थांबला आणि तुला चार दिवस थांबणं जड जातंय. रागावू नकोस. मलाही जड गेलं होतं म्हणूनच लिहितेय.

आता निळीच्या माठाबद्दल. पाहुण्यांना रुमाल बुडवू देणार, असं लिहिलंयस. किती जणांना? नीळ पाण्यात विरघळत नाही. चुन्याचा खार आणि आंबवण यांच्या जोरावर माठातली हवा संपते, तेव्हाच ती विरघळून पिवळट-हिरवी होते. कापड बाहेर काढलं की हवा लागते आणि डोळ्यांदेखत निळं होतं. लोक त्या क्षणावर जीव टाकतात, टाकावाच असा तो क्षण आहे. पण बुडवणारा प्रत्येक हात माठात थोडी हवा सोडतो. वीस-पंचवीस रुमालांनंतर माझा माठ थकायचा, वरची तांब्याच्या झाकेची साय फाटायची, खालचं पाणी हिरव्याचं निळं व्हायचं. त्यात बुडवलेलं कापड पहिल्याच धुण्यात फिकं पडायचं. एकदा दिवसभर बुडवू दिले आणि त्यानंतर तो माठ उठलाच नाही. आत जिवाणू असतात, त्यांनाही ऊब लागते, कोंडा लागतो, विसावा लागतो. माठाचाही वाफसा असतो, पोरी. साय धरली आहे का, खालचं पाणी हिरवं आहे का, वास नेहमीचा आहे का, हे बघ. नसेल तर झाकण उघडून दाखव, का थांबलाय ते सांग, आणि झाकण लाव. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या छटेचं निळं ज्यांना हवं आहे त्यांच्यासाठी १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आहे. तुझ्या फाटकातून आत येणारा माणूस त्यासाठी येत नाही.

टोपल्यांचंही तेच. बाहेरच्या टोपल्या मांडल्यास तर विचारणाऱ्याला काय सांगशील? बांबू कुठला, किती वर्षांचा, कधी तोडला? तीन वर्षं झालेला बांबू पावसाळा संपल्यावर तोडायचा, कोवळा तोडला तर वाळताना आवळतो, वीण ढिली पडते आणि भुंगेरे लागतात, हे तू माझ्या अंगणात बसून ऐकलंयस. मग या महिन्यात तुझ्याकडे टोपली का नाही याचं उत्तर तुझ्याकडे आहे. बांबू अजून उभा आहे. त्याला वाफसा, म्हणजे त्याची वेळ, आलेली नाही. माणसांना बेटाजवळ ने. जून झालेल्या दांड्यावर बोटानं टिचकी मार आणि कोवळ्यावर मार, दोन्ही आवाज ऐकव. रिकाम्या टेबलाशेजारी उभं राहून हे सांगायला धीर लागतो, तेवढा तुझ्याकडे आहे.

आणि 'काहीच नाही' हे वाक्य मला आवडलं नाही. पत्रातलं तेच एक वाक्य खोटं आहे. तुझा खताचा ढीग आहे ना? अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञानं १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला शेणकाडीच्या ढिगावरच काम केलं. ढीग कसा रचायचा, कधी उलथायचा, ओल किती ठेवायची हे त्यानं भोवतालच्या शेतकऱ्यांच्या रीतींतून शिकून बसवलं आणि ती पद्धत जगभर इंदूरच्याच नावानं गेली. सकाळच्या गारव्यात ढीग उघड. वाफ निघते, आत हात धरवत नाही, नीट रचला असेल तर साठ अंशांपर्यंत तापलेला असतो. माझ्याकडे एकदा एक लहान मुलगा त्या वाफेपुढे अर्धा तास बसून होता. फुललेल्या वाफ्यांपुढे कुणी अर्धा तास बसलेलं मी पाहिलं नाही. निळीच्या शेंगांतलं बी पाखडायचं असेल, सूप हातात दे. ओल्या दोऱ्या वळायच्या असतील, वळायला बसव. रिकाम्या महिन्याची कामं हीच मळ्याची खरी कामं आहेत, फुलं ही त्यांची फेड.

जपानमध्ये सत्तरच्या दशकात शेतकरी आणि शहरातली कुटुंबं यांनी शेतमाल थेट देण्याघेण्यासाठी 'तेइकेई' नावानं जोडणी केली. १९७८ साली त्यांनी दहा तत्त्वं लिहून काढली. त्यातलं एक असं, की दोघांनी मिळून जे पिकवायचं ठरवलं ते आलं की घेणाऱ्यानं सगळं घ्यायचं. शेतानं दिलं ते माझं, असं म्हणणारी माणसं घडवावी लागतात, फाटकाशी आपोआप येत नाहीत. तू कुंड्या मांडल्यास तर ती कधीच घडणार नाहीत. त्यांना वाटेल मळा बाराही महिने फुलतो, आणि ज्या महिन्यात फुलणार नाही त्या महिन्यात दोष तुझ्यावर येईल.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. मंजिष्ठेच्या त्या प्रसंगानंतर मी हट्टाला पेटले. माझी धाकटी बहीण तेव्हा मळ्याचे खुले दिवस सांभाळायची, पत्रं, फोन, सगळं तिच्याकडे. एका पावसाळ्यात मी लागोपाठ तीन वेळा ऐन सकाळी फाटक बंद केलं. तिसऱ्या वेळी एक वयस्कर बाई दोन बस बदलून आल्या होत्या. मी वाफ्यात होते, बाहेर गेले नाही. बहीण गेली, त्यांना पाणी दिलं, परत पोचवून आली. संध्याकाळी मला म्हणाली, 'ताई, तू मातीला जपतेस तेवढं माणसाला जपत नाहीस.' पुढच्या महिन्यात ती निघून गेली. आता तिचं वेगळं काम आहे, सणासमारंभाला भेटतो, मळ्याविषयी बोलत नाही.

बंद करायला नको होतं, असं मी आजही म्हणणार नाही. तिन्ही वेळा मूठ दाबली होती, तिन्ही वेळा गोळा राहिला होता. त्या वर्षीची मंजिष्ठा मी खणली तेव्हा बोटभर जाडीची, आतून विटकरी लाल होती, आणि तिनं रंगवलेला धागा अजून माझ्या पेटीत आहे. मी बरोबर होते. पण आदल्या संध्याकाळी मूठ दाबून बघता आली असती. तेव्हाच फोन करता आला असता. फाटकापर्यंत चालत जाता आलं असतं, ते तर शंभर पावलांवर होतं. ते मी केलं नाही आणि बहिणीला वाटलं की मी मातीच्या नावाखाली माणसं टाळते. कदाचित टाळतही होते. हे तुला सांगतेय ते तू हट्ट सोडावास म्हणून नाही. हट्ट धर. वाफसा नसेल तर एक पाऊलही वाफ्यात पडू देऊ नकोस. फक्त फाटकापर्यंत स्वतः जा.

तर असं कर. जाहीर करताना एक तारीख देऊ नकोस. 'या रविवारी, जमीन ओली असली तर पुढच्या' असं लिही, आणि का ते एका ओळीत लिही. लोकांना कारण कळलं की ते थांबतात. येण्याजाण्याची वाट आजच आख. सगळ्यांनी एकाच वाटेनं चालायचं, कारण बहुतेक नुकसान पहिल्याच पावलात होतं, त्याच जागी नंतरची पावलं फारशी भर घालत नाहीत. वाटेवर वीतभर पाचट किंवा भुसा टाक. एका वेळी दहा-बारा जण, त्याहून जास्त नाहीत. माठापाशी रुमाल दहा, मोजून, आणि अकराव्याला हिरव्याचं निळं होताना नुसतं बघू दे. विक्रीच्या टेबलावर तुझं जेवढं असेल तेवढंच. दोन दोऱ्या असल्या तर दोन दोऱ्या.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला मंजिष्ठेच्या वाफ्याच्या खालच्या कोपऱ्यातली माती घे, तिथं पाणी सगळ्यात शेवटी उतरतं. मूठ दाब. मग मला फोन कर. गोळा राहिला असेल तर येणाऱ्यांची यादी वाटून घेऊ, अर्ध्यांना तू कळव, अर्ध्यांना मी कळवते. सुटली असेल तर सकाळच्या पहिल्या गाडीनं मी येते, ढीग उघडायला दोन माणसं लागतात.

तुझी,
मावशी