आईचं मृत्युपत्र करायचंय, पण फ्लॅट अजून बाबांच्या नावावर आहे

तुमची अडचण थोडक्यात अशी: बाबा मृत्युपत्र न करता गेले. पुण्याचा फ्लॅट त्यांनी स्वतः घेतलेला, त्यांच्या एकट्याच्या नावावर. सोसायटीत नॉमिनी आई. आता आईला तो धाकट्या बहिणीला लिहून द्यायचाय, दोघा भावांची हरकत नाही, आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, लागेल का असं तुम्ही विचारताय.

प्रोबेटचं नंतर बघू. आधी हे लक्षात घ्या की अख्खा फ्लॅट आईचा नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई आणि तुम्ही तीन भावंडं, प्रत्येकाचा पाव हिस्सा. (बाबा गेले तेव्हा आजी हयात असतील, तर त्यांचाही वाटा धरा.) नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीच्या लेखी ती वारस ठरेपर्यंतची तात्पुरती सभासद. त्यामुळे आईने आज कितीही सुंदर मृत्युपत्र केलं, तरी ते तिच्या पाव हिश्श्यापुरतंच चालेल.

म्हणून आधी तुम्ही तिघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करा, तेही दुय्यम निबंधकाकडे नोंदवून. साध्या स्टॅम्पपेपरवरचं नोटरी केलेलं पुरत नाही. मग आईचं मृत्युपत्र. थेट बहिणीच्या नावे हक्क सोडून एक पायरी वाचवू, असं कुणी सुचवेल. माझं कळकळीचं सांगणं आहे, तसं करू नका. आई आहे तोवर तिच्या डोक्यावरचं छप्पर तिच्याच नावावर असू द्या. अर्थात मृत्युपत्र आई कधीही बदलू शकते, हे तिघांनी मनाशी पक्कं करूनच सह्या करा.

प्रोबेट पुण्यातल्या फ्लॅटसाठी सक्तीचं नव्हतंच. ती सक्ती मुंबई, कोलकाता, चेन्नईची, आणि 2025 च्या अखेरीस संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं ते 213 वं कलमही वगळलं. वाद निघाला तर मात्र मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करावंच लागतं, आणि तिथे सगळं साक्षीदारांवर येतं.

आमच्या मामांनी शाईच्या पेनने, स्वतःच्या हाताने चार पानं लिहिली होती. साक्षीदार कोण, तर सकाळी फिरायला जाणारे दोन मित्र, दोघंही त्यांच्याच वयाचे. मामा गेले तेव्हा दोघंही नव्हते. एका साक्षीदाराची सही ओळखायला त्यांची मुलगी कोर्टात आली, हातात वडिलांचं जुनं पेन्शनचं पासबुक घेऊन. सहीखालची ती लांब रेघ तिने बोटाने दाखवली, तेव्हा कुठे आमचं काम पुढे सरकलं. तोवर दोन वर्षं गेली होती.

तेव्हा साक्षीदार आईपेक्षा निदान वीस वर्षांनी लहान, जवळपास राहणारे, आणि मृत्युपत्रात ज्यांना काहीच मिळत नाही असे दोघं घ्या. आईने सही केलेली दोघांनी पाहावी आणि तिच्यासमोर आपापली सही करावी. स्टॅम्प ड्युटी लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, तरी कराच. आईचं वय बघता त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. भावांना का दिलं नाही, ते आईच्या शब्दांत दोन ओळी येऊ द्या.

आणि मजकूर सांगायला आई वकिलांकडे बसेल, तेव्हा बहिणीने आत थांबू नये. तिने रिक्षातून आईला सोडावं आणि बाहेर बाकावर बसावं. ज्याला मिळणार तोच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढे होता, असं दिसलं की कोर्टाला पहिली शंका तिथेच येते.