काच तिरकी झाली की बटणावरचं बोट काढा

प्रश्न: नमस्कार दादा, माझी नऊ वर्षं जुनी हॅचबॅक आहे. गेल्या आठवड्यात डावीकडच्या पुढच्या दाराची काच वर घेताना अर्ध्यातच तिरकी झाली, मी दोन-तीनदा बटण दाबून बघितलं तर आत कट्टकन काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि काच धप्पकन दारात गेली. आता बटण दाबलं की नुसतं घर्रर्र होतं. गॅरेजवाले म्हणतात मोटर गेली, मोटरसकट सगळं मशीन नवीन टाका. इथे पाऊस धो धो चालू आहे, दाराला प्लॅस्टिक बांधून रोज ऑफिसला जातेय. खरंच मोटर गेली असेल का? आणि घरी करता येईल का, माझ्या भावाला अशी कामं जमतात.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, आधी पहिलं सांगतो, घर्रर्र आवाज येतोय म्हणजे मोटर फिरतेय. मेलेली मोटर गप्प बसते, किंवा एकदा टक् करून थांबते. म्हणून दाराचं आतलं आवरण काढून आत बघितल्याशिवाय मोटरचे पैसे अजिबात देऊ नका. फक्त आवाज कडकड दात घासल्यासारखा असेल तर मोटरचा गिअर झिजलेला असू शकतो, तेवढं तपासून घ्या.

आत काय झालंय ते समजून घ्या म्हणजे गॅरेजमधे नीट बोलता येईल. हल्लीच्या बहुतेक गाड्यांमधे काचेच्या खालच्या कडेला नायलॉनचा एक छोटा तुकडा असतो, स्लायडर म्हणतात त्याला, तो लोखंडी पट्टीवरून वर-खाली सरकतो आणि त्याला ओढते एक बारीक स्टीलची वायर, जी मोटरच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या चकरीवर गुंडाळलेली असते. एका बाजूने वायर गुंडाळली जाते, दुसऱ्या बाजूने सुटते. ह्या सगळ्याला मिळून गॅरेजवाले मशीन म्हणतात. आता काचेच्या दोन्ही बाजूंची रबरं वाळली, त्यात माती बसली, की काच जड जाते, तरी मोटर ओढतच राहते आणि एक दिवस तो नायलॉनचा तुकडा चिरतो. काच तिरकी होते ती तिथे. त्यानंतर आपण बटण दाबत राहिलो की वायरचा ताण जातो, ती चकरीवरून उडते आणि गुंता होतो. तुमचा तो कट्ट आवाज बहुतेक हाच. मी असं एक मशीन हातात घेऊन बघितलंय, वायरीचे तंतू उसवून काथ्यासारखे पिंजारले होते आणि स्लायडरचा तुकडा बोटाच्या पेराएवढाच, मधोमध चीर गेलेला. एवढ्याशा तुकड्याने सगळा खेळ थांबतो.

म्हणून सगळ्याच वाचकांना सांगतोय, काच जरा जरी तिरकी दिसली तर लगेच बटण सोडा. मग कोणालातरी बटणावर बसवा, तुम्ही दोन्ही तळवे काचेला आतून-बाहेरून दाबून धरा, काच सरळ करत हळूहळू वर सरकवा आणि त्याच वेळी बटण दाबायला सांगा. नुसती रबरातून निसटली असेल तर बऱ्याचदा जागेवर येते. वर गेली की परत खाली घेऊ नका, काच आणि दाराच्या वरच्या कडेची रबरपट्टी यांच्या फटीत लाकडाची पाचर मारा आणि चिकटपट्टी लावून टाका, गॅरेजपर्यंत निभावतं.

तुमची काच दारात पडलीय म्हणजे दार उघडावंच लागणार. भाऊ करणार असेल तर एक सुट्टीचा दिवस, कोरडी जागा आणि जाड हातमोजे हवेत, कारण दाराच्या आतला पत्रा ब्लेडसारखा कापतो. डोअर पॅडचे, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाचे, स्क्रू लपलेले असतात, एक आतल्या हँडलच्या वाटीत, एक-दोन हात धरायच्या खाचेत छोट्या झाकणाखाली. ते काढले की खालून एकेक क्लिप सोडवायची आणि पॅड वर उचलायचा, पण झटका देऊ नका, स्विचचा कपलर (वायरींचा जोड) आणि हँडलची वायर अजून मागे जोडलेली असते. जुन्या क्लिपा तुटतातच, चार-पाच आधीच आणून ठेवा. काच हाताने वर उचलून चौकटीवरून आतून-बाहेरून चिकटपट्टीने घट्ट बांधा आणि मगच काचेचे बोल्ट सोडा, बहुतेक ठिकाणी 10 नंबरचा पाना लागतो. काच कडेवर आपटली की क्षणात चुरा होतो, त्यामुळे इथे घाई नको. आणि बोटं आत असताना कोणी बटण दाबणार नाही एवढं बघा, बॅटरीची मायनस काढून ठेवलेली बरी.

बऱ्याच गाड्यांत मोटर तीन स्क्रूवर वेगळी होते, म्हणजे जुनी मोटर नवीन मशीनला बसते. दुकानात मोटरशिवायचं मशीन मिळतं का ते स्पष्ट विचारा, दार कुठलं तेही सांगा, डावं-उजवं वेगळं असतं. नवीन बसवताना काचेचे बोल्ट आधी अर्धेच आवळा, काच वरपर्यंत नेऊन दोन्ही रबरांत नीट बसू द्या आणि मग पक्के करा. हे चुकलं की नवीन मशीन पण तिरकंच ओढतं.

आता चिपळूणच्या पावसासाठी सगळ्यात महत्त्वाचं. पॅडच्या मागे काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लॅस्टिकचा कागद असतो, तो फाडू नका, ब्लेडने गोंद कापत सोडवा आणि तसाच परत लावा. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत जातंच, ते खालच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं आणि तो कागद ते गाडीत येऊ देत नाही. आमच्या घरच्या गाडीचं हेच काम एका गॅरेजमधे केलं तेव्हा त्यांनी कागद काढून फेकून दिला, आम्हाला कळलंच नाही, पुढचा महिनाभर मॅट ओली आणि आत कुबट वास, कुठून पाणी येतंय ते शोधत बसलो. शेवटी परत पॅड उघडला तेव्हा समजलं, फार वाईट वाटलं. गॅरेजमधेच करणार असाल तर पॅड लावायच्या आधी समोर उभं राहून तो कागद बघा. दार उघडलंच आहे तर तळाची भोकं पण काडीने मोकळी करा.

प्रश्न: माझ्या गाडीची काच पूर्ण वर जाते आणि आपोआप परत खाली येते. बॅटरी बदलल्यापासून हे सुरू झालंय.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमच्या काचेला बोट अडकू नये म्हणून संरक्षण दिलेलं आहे, मधे अडथळा लागला की ती मागे फिरते. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांमधे तिची वरची हद्द विसरली जाते. थोडी थोडी करून काच पूर्ण वर न्या आणि बटण काही सेकंद वर ओढून धरा, नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. तरी खाली येत असेल तर बहुतेक रबर वाळलंय. ओल्या फडक्याने खाच पुसा, वाळू द्या आणि सिलिकॉन स्प्रे मारा. इंजिन ऑईल, ग्रीस, खोबरेल यातलं काही नको, त्यावर धूळ बसते आणि ऑईलने रबर फुगतं, मग काच आणखीनच अडते.