गावाकडे एकटं राहिल्याने चित्रात खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की नोकरी सांभाळून पेंटिंग करताय पण सगळी चित्रं एकसारखीच यायला लागलीत, तर कुठेतरी लांब जाऊन एकटं राहिलं तर काही बदलेल का. बदलतं, पण लगेच नाही.

मी ठाण्याहून वाईजवळ मेणवलीला येऊन चार वर्षं होतील. जलरंगात काम करतो. पहिले दोन महिने नुसते सीन काढले, घाट, देऊळ, मागे डोंगर, कॅलेंडरवर शोभतील असे. जागा बदलली होती, हात ठाण्याचाच होता. संध्याकाळी घर खायला उठायचं. सवय अशी होती की चित्र वाळायच्या आत फोटो ग्रुपवर टाकायचा आणि कोण काय म्हणतंय त्यावर उद्या काय काढायचं ते ठरायचं. इथल्या खोलीत रेंजच धड नव्हती म्हणून ते बंद पडलं, आणि माझ्या मते खरी सुरुवात तिथून झाली, कारण कुणाला दाखवायचंच नसलं की बिघडलेलं चित्र फाडून टाकायची घाई राहत नाही, भिंतीला टेकवून ठेवायचं, चार दिवस जाता-येता बघायचं, कुठे चुकलंय ते आपलं आपल्यालाच दिसतं.

मग पाऊस आला. जुलैमध्ये एवढी दमट हवा की वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट हात मारला की कागद वाळता वाळत नाही, वर दुसरा रंग लावला की पसरलाच. थांबावंच लागतं. त्या थांबण्यात घाटाच्या पायऱ्या बघत बसायचो. काळा दगड म्हणतो आपण, पण कोरडी पायरी राखाडी, जराशी मातकट असते, आणि पाणी पडलं की तीच निळसर काळी होते. पाऊस उघडल्यावर बायका धुणं धुवून गेल्या की ती ओली कड वाळत वाळत खाली सरकते, पाच-दहा मिनिटांचा खेळ. ट्यूबमधला तयार काळा लावला की पायरी मेल्यासारखी दिसते हे मला तिथे कळलं, तेव्हापासून काळा रंग पेटीतच नाही. बर्न्ट अंबर हा तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा निळा मिसळतो, कोरड्याला अंबर जास्त आणि भरपूर पाणी, ओल्याला निळा जास्त आणि पाणी कमी. त्याच तीन पायऱ्यांच्या दोन वह्या भरल्यात.

एकटं म्हणजे दुसऱ्यांचं काम बघायचंच नाही असं मात्र करू नका. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं भवानी संग्रहालय बघाच. संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी १९३८ मध्ये ते उभं केलं. तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई-मूल आहे, आणि आडवारी गेलं तर एकेका चित्रासमोर निवांत उभं राहता येतं.

राजीनामा वगैरे आत्ताच देऊ नका. रजा टाका, पण पहिला महिना काहीच जमणार नाही हे धरून निदान दोन महिन्यांची टाका.