‘ऑल पार्टनर्स मे नॉट बॉरो’: मग कर्ज काढायचे कोणी?

प्रश्न : बेळगावात उद्यमबागेत आम्हा तिघांचे भागीदारीत मशीन शॉप आहे. डीड (भागीदारीचा करारनामा) इंग्रजीत आहे. त्यातला नववा मुद्दा असा : ‘ऑल द पार्टनर्स मे नॉट बॉरो इन द नेम ऑफ द फर्म.’ एका भागीदाराने आम्हाला न विचारता फर्मच्या नावावर एका सौहार्द सोसायटीतून (सहकारी पतसंस्थेतून) सहा लाखांचे कर्ज उचलले. जाब विचारला तर म्हणतो, ‘सगळ्यांनी मिळून काढू नये एवढेच लिहिलेय, एकट्याला मनाई कुठे आहे?’ हे कोर्टात टिकेल का? हप्ते थकले तर वसुली आमच्यावर येईल का?

उत्तर : तुमच्या भागीदाराचा अर्थ टिकणे कठीण आहे. पण ‘कोणीच काढायचे नाही’ हा तुमचा अर्थही वाटतो तितका निर्विवाद नाही. आणि सोसायटी वसुलीला आली तर या वादाचा आडोसा फारसा मिळणार नाही.

आधी वाक्य पाहू. इंग्रजीत ‘ऑल’ कर्त्याच्या जागी आणि ‘नॉट’ क्रियापदापाशी आला की वाक्य दोन्हीकडे झुकते. एक अर्थ, परवानगी एकालाही नाही. दुसरा, परवानगी सगळ्यांना नाही, म्हणजे काहींना आहे. त्यात ‘मे’ हा शब्द परवानगीही सांगतो आणि शक्यताही, त्यामुळे ‘कदाचित सगळे कर्ज काढणार नाहीत’ असेही व्याकरणात बसते. करार हक्क ठरवायला असतो, अंदाज बांधायला नव्हे, म्हणून हा अर्थ कोर्टात कोणी मांडणार नाही. तुमच्या भागीदाराने चौथाच अर्थ काढला आहे : ‘ऑल’ म्हणजे तिघे एकत्र. तो धरला तर तिघांनी एकमताने कर्ज काढायला बंदी आणि एकट्याने गुपचूप काढायला मोकळीक, असा उफराटा नियम तयार होतो. व्यवहारी माणसे असे काही ठरवणार नाहीत, हाच तुमचा सर्वांत भक्कम युक्तिवाद.

धोका आहे तो दुसऱ्या अर्थाचा. डीडमध्ये कुठे ‘मॅनेजिंग पार्टनर’ नेमला आहे का आणि तो हाच गृहस्थ आहे का, हे आजच पाहा. तसे असेल तर ‘सगळ्यांना नाही, पण मॅनेजिंग पार्टनरला आहे’ हे वाचन जोर धरते, कारण कोर्ट एक ओळ सुटी काढत नाही, सगळे डीड एकत्र वाचते.

असली वाक्ये येतात कशी, तेही सांगतो. ‘कोणत्याही भागीदाराने कर्ज काढू नये’ हे मराठीत स्वच्छ आहे. कानडीतले ‘यारू माडबारदु’ही तसेच. पण तीच मांडणी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेली की ‘एनी पार्टनर मे नॉट’ किंवा ‘ऑल पार्टनर्स मे नॉट’ असे काहीतरी होते. इंग्रजीत नकारार्थी ‘एनी’ नकाराच्या मागून यावा लागतो. घटनेचे कलम 14 बघा : ‘द स्टेट शॅल नॉट डिनाय टू एनी पर्सन’, म्हणजे एकालाही नाकारायचे नाही. नकार नसला की तोच ‘एनी’ मुभा देतो. सीमाभागात ज्याचा हवाला नेहमी दिला जातो त्या, तक्रारीचे निवेदन कोणत्या भाषेत देता येते हे सांगणाऱ्या कलम 350 मध्ये ‘इन एनी ऑफ द लँग्वेजेस’ आहे, म्हणजे त्यातली हवी ती भाषा. कर्त्याच्या जागी सर्वांना मनाई करायची तर शब्द एकच, ‘नो’.

आता सोसायटी. भागीदारी कायदा, 1932 च्या कलम 19 नुसार धंद्याच्या नेहमीच्या रीतीत भागीदाराने केलेली कृती फर्मवर बंधनकारक असते. अधिकार नसलेल्या गोष्टींची यादी 19(2) मध्ये आहे, पण कर्ज काढणे तिच्यात नाही. आपापसात घातलेली मर्यादा बाहेरच्याला माहीत नसेल तर कलम 20 नुसार ती त्याच्यावर लागू होत नाही. आणि कलम 25 प्रमाणे प्रत्येक भागीदार इतरांसह तसाच एकटाही जबाबदार. म्हणजे सोसायटी सहा लाखांसाठी तुम्हा एकट्याच्याही मागे लागू शकते. कर्जप्रकरणात सोसायटीने डीडची प्रत घेतली होती का, हे शोधा. घेतली असेल तर मर्यादा ठाऊक नव्हती असे तिला म्हणता येणार नाही. फक्त त्या मर्यादेचा अर्थ धूसर होता, असे ती म्हणेलच. पैसा धंद्यात आला की त्याच्या घरात गेला, हेही खात्याच्या उताऱ्यावरून काढून ठेवा.

पुराव्यात एक अडचण येईल. ‘डीड करताना आमचे असे बोलणे झाले होते’ या तोंडी साक्षीवर विसंबू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 96 नुसार वरवर पाहताच संदिग्ध दिसणाऱ्या दस्ताचा अर्थ बाहेरच्या पुराव्याने भरून काढता येत नाही. (गंमत म्हणजे 1872 च्या जुन्या पुरावा कायद्यातल्या याच अर्थाच्या कलम 93 च्या इंग्रजी मजकुरातही ‘एव्हिडन्स मे नॉट बी गिव्हन’ असेच होते. तिथे कोणी गोंधळत नाही, कारण वाक्यात ‘ऑल’ नाही.) त्यापेक्षा भागीदारी कायद्याचे कलम 11 कामाचे : भागीदारांचे आपसातले हक्क वहिवाटीवरूनही ठरतात. आजवरच्या प्रत्येक कर्जाच्या कागदावर तिघांच्या सह्या असतील तर ते सगळे कागद एका फाइलीत लावा.

पुरवणी डीड करून घ्या, पण त्यावर त्याचीही सही लागेल, कारण बदलाला सर्वांची संमती हवी. मजकूर असा : ‘नो पार्टनर शॅल बॉरो एनी मनी इन द नेम ऑफ द फर्म विदाऊट द प्रायर रिटन कन्सेंट ऑफ ऑल द अदर पार्टनर्स.’ ‘ऑल’ इथेही आहे, पण नकाराच्या तावडीत नाही, त्यामुळे निरुपद्रवी.

त्याच बैठकीत उचलीचा मुद्दाही तपासा. ‘द पार्टनर्स मे विथड्रॉ रुपीज 30,000 पर मंथ’ असे लिहिलेले असेल तर महिन्याला 30,000 की 90,000, यावर पुढचे भांडण ठरलेले. ‘ईच पार्टनर मे’ किंवा ‘द पार्टनर्स टुगेदर मे’ यांतले एक निवडून लिहा, आणि रकमेच्या आधी ‘नॉट मोर दॅन’ घालून कमाल रक्कम बांधा. चेकबाबत ‘तिघांची सही लागत नाही’ असे म्हणायचे असेल तर ‘नीड नॉट’. ‘मस्ट नॉट’ लिहिलेत तर तिघांनी सही करायलाच बंदी होईल. बँक मात्र खाते उघडताना दिलेल्या सूचनेवर चालते, तेव्हा तिथला फॉर्मही बदला.

पुरवणी डीडची वाट न पाहता सोसायटीला आणि बँकेला याच आठवड्यात कर्जावरच्या या मर्यादेचे लेखी पत्र द्या, पोच घ्या. झालेले कर्ज त्याने पुसले जाणार नाही, पण यापुढे ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे कोणाला म्हणता येणार नाही. दिवाणी दाव्याचा विचार असेल तर डीडमध्ये आर्बिट्रेशनची (वाद लवादाकडे नेण्याची) तरतूद आहे का पाहा. असेल तर समोरचा आपले म्हणणे मांडण्याआधीच 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 8 खाली अर्ज देऊन दावा तिकडे वळवू शकतो.